'सी' या शब्दाचे अर्थ आणि उपयोग
(मंडळाच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंग्रजीविषयी काही तरी बोला, असे मंडळाने आम्हाला सांगितले. आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक नाही. कला शाखेची पदवी घेतली, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि काउंटरवर जेवढे इंग्रजी अंगावर आले तेवढे शिकलो. तेव्हा संपूर्ण व्याकरण सांगण्याचा आव आम्ही आणणार नाही. एकच शब्द घेऊन आलो आहोत. बालवाडीतल्या मुलालाही तो येतो. एस, ई, ई : सी. अर्थ विचारला तर तुम्ही सगळे एका सुरात सांगाल, 'बघणे'. अडचण तेथूनच सुरू होते.

मराठीत आपल्याकडे यासाठी दोन वेगळ्या जातीची क्रियापदे आहेत. एक 'दिसणे' आणि दुसरे 'पाहणे' किंवा 'बघणे'. लालबागच्या एखाद्या चाळीच्या गच्चीवरून आपण म्हणतो, "मला गिरणीची चिमणी दिसते." या वाक्यात कर्ता कोण? चिमणी. दिसण्याचे काम ती करते; आपण नुसते 'मला' होऊन बाजूला उभे. इंग्रजीत हेच सांगायचे तर "आय कॅन सी द चिमणी". तेथे कर्ता 'मी' झालो. चिमणी बिचारी कर्म झाली. आता आपण मान वळवून मुद्दाम चिमणीकडे पाहिले, तर इंग्रजी 'सी' म्हणत नाही, 'लुक ॲट' म्हणते. आणि तिच्यातून धूर निघतो का हे बराच वेळ न्याहाळत बसलो, तर 'वॉच'. म्हणजे डोळ्यांवर पडले ते 'सी', डोळे लावले ते 'लुक', डोळे लावून बसलो ते 'वॉच'. आपले 'पाहणे' या तिन्ही ठिकाणी चालते. 'दिसणे' मात्र आणखी एका घरात जाते. "ती आज थकलेली दिसते" याचे इंग्रजी 'सी'ने होत नाही, "शी लुक्स टायर्ड" असे होते. मराठीची वाटणी वेगळी आणि इंग्रजीची वाटणी वेगळी, हे एकदा ध्यानात आले की निम्मे काम झाले.

येथे पालीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आपले 'दिसते' हे पालीतल्या 'दिस्सति'पासून फारसे लांब गेलेले नाही. संस्कृतात 'दृश्यते', पालीत 'दिस्सति', मराठीत 'दिसते'. आपल्या आजीने कधी शाळा पाहिली नसेल, पण हे क्रियापद तिच्या तोंडी शेकडो वर्षांचा प्रवास करून आलेले होते.

आता नेहमीच्या चुका. पहिली आणि सर्वांत मोठी : "आय ॲम सीइंग टीव्ही." 'सी' म्हणजे डोळ्यांवर पडणे, ते आपोआप होते, म्हणून या अर्थी त्याला 'इंग' लागत नाही. टीव्हीपुढे आपण बसून राहतो, म्हणून "आय ॲम वॉचिंग टीव्ही". सिनेमाचे मात्र थोडे वेगळे. भारतमातात किंवा प्लाझात जाऊन मराठी चित्रपट पाहिला असे सांगायचे तर "आय सॉ अ फिल्म" हे अगदी शुद्ध आहे. एकूण पाहून झाले असा त्याचा भाव. टीव्हीसाठी 'वॉच' आणि चित्रपटासाठी 'सी' का, याला कडक नियम नाही, वहिवाट आहे. वहिवाटीचा हक्क भाषेतही असतो.

दुसरी चूक भाषांतराची. 'वाट पाहणे' हा आपला वाक्प्रचार. आमच्या माहितीतल्या एका होतकरू मुलाने नोकरीच्या अर्जात लिहिले होते की, 'मी तुमच्या उत्तराची वाट पाहत आहे', आणि त्याचे शब्दशः इंग्रजी केले होते : 'आय ॲम सीइंग द वे'. त्या मुलाला आम्ही हसलो नाही आणि तुम्हीही हसू नका. मराठीत त्याचे बरोबरच होते. इंग्रजीत फक्त 'वेट' किंवा 'लुक फॉरवर्ड' म्हणतात, इतकेच. 'काम पाहणे'ही तसेच. "कर्जाचे काम कोण पाहतात?" असे ग्राहक विचारतो. मुलाखतीत तुम्ही "आय सी द अकाउंट्स" असे म्हणालात, तर समोरचा समजेल की तुम्ही हिशेबाच्या वह्या लांबून बघता. तेथे 'आय लुक आफ्टर' किंवा 'आय हँडल' म्हणावे. आणि 'करून पाहणे', 'चाखून पाहणे', 'विचारून पाहणे' यातल्या 'पाहणे'ला इंग्रजीत 'ट्राय' म्हणतात. आमटी चाखून पाहताना डोळ्यांचा काय संबंध? पण मराठीत जीभही पाहते.

उलट काही ठिकाणी दोन्ही भाषा गळ्यात गळा घालून चालतात. सकाळी चाळीत आई हाक मारते, "पाणी आलं का बघ रे!" याचे इंग्रजी "सी इफ द वॉटर हॅज कम". शब्दाला शब्द. पुस्तकात 'पृष्ठ १२ पाहा' असते, इंग्रजीतही 'सी पेज १२' असते. समजले या अर्थी 'आय सी', म्हणजे आपले 'अस्सं होय!' आमच्या शाखेत पूर्वी एक अंध सहकारी टेलिफोनवर होते. संध्याकाळी निघताना ते "उद्या बघू" म्हणत आणि इंग्रजी बोलणाऱ्या साहेबांना "सी यू" म्हणत. त्यात त्यांना किंवा कोणाला कधी काही खटकले नाही. दोन्ही भाषांत बघणे हे डोळ्यांपुरते राहिलेले नाही, याचा याहून चांगला पुरावा आम्हाला मिळालेला नाही.

जाता जाता, सारख्या आवाजाने फसू नका. समुद्र तोही 'सी', इंग्रजी वर्णमालेतले तिसरे अक्षर तेही 'सी'. वरळी सी फेसचा 'सी' समुद्राचा. आता परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, त्यांच्या जाहिरातीत 'सी व्ह्यू' असते, तोही समुद्राचाच. वर्तमानपत्रात पोपच्या संदर्भात 'होली सी' येते. ते लॅटिनमधल्या आसन या अर्थाच्या शब्दावरून आले आहे, बघण्याशी त्याचा संबंध नाही. बागेतला 'सी-सॉ' सुद्धा पाहणे आणि पाहिले यावरून आलेला नाही, तो लाकूड कापणाऱ्या करवतीच्या पुढे-मागे होण्यावरून आला. मराठीत हीच गंमत 'पाहुणा' या शब्दाची. तो पाहायला येतो म्हणून पाहुणा नव्हे. तो संस्कृत 'प्राघुण'पासून आला. असो.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. सरकारी कचेरीत, महापालिकेत, बँकेत मराठी माणसाचा सर्वांत वापरातला शब्द कोणता? 'बघू'. साहेब म्हणतात "बघू", म्हणजे आज होत नाही. साहेब म्हणतात "बघतो", म्हणजे उद्याही खात्री नाही. आणि कोणी रागाने म्हणाला "बघून घेईन", तर ती धमकी. पण ग्राहक जेव्हा हात जोडून म्हणतो, "साहेब, माझ्या कामाचं जरा बघा", तेव्हा त्याला डोळ्यांनी बघणे नको असते, काम करून हवे असते. इंग्रजीत या ठिकाणी नुसते 'प्लीज सी' लिहिले तर काहीच होत नाही. तेथे एक छोटा शब्द जोडावा लागतो, 'टू'. 'प्लीज सी टू माय मॅटर', म्हणजे माझ्या कामाची तजवीज करा. 'सी टू इट' म्हणजे ते झालेच पाहिजे, जबाबदारी तुमची. 'टी' आणि 'ओ' या दोन अक्षरांत केवढा फरक पडला पाहा. तुम्ही अर्ज लिहाल तेव्हा हा 'टू' विसरू नका.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे 'सीन'. तुमच्या शाळेच्या वहीत बाई लाल शाईने 'सीन' लिहून सही करीत. कचेरीच्या कागदावर अधिकारी 'सीन' लिहून खाली तारीख टाकतो. तुमच्या मोबाईलवरही निरोपाखाली 'सीन' उमटते, आणि मग तुम्ही तक्रार करता की 'सीन केलं पण रिप्लाय नाही'. तुम्ही नकळत कचेरीचा अर्थच बरोबर पकडला आहे. 'सीन' म्हणजे कागद नजरेखालून गेला, एवढेच. वाचला असेलच असे नाही, पटला असे तर मुळीच नाही, आणि त्यावर काही केले जाईल असे आश्वासन त्यात नाही. अर्जावर 'सीन' असा शेरा बघून आनंदाने घरी जाणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना वाटते साहेबांनी मंजूर केले. मंजुरीला 'सँक्शन्ड' किंवा 'अप्रूव्हड' हे शब्द आहेत.

मात्र हाच 'सीन' शेरा जेव्हा आपण लिहितो, तेव्हा त्याचे वजन वेगळे होते. परिपत्रक फिरते, आपण त्यावर 'सीन' लिहून सही करतो. उद्या 'मला माहीत नव्हते' असे म्हणता येत नाही. साहेबाचा 'सीन' त्याला बांधत नाही आणि शिपायाचा, कारकुनाचा 'सीन' त्याला पक्का बांधतो. शब्द तोच. सही कोणाची आहे त्यावर त्याचा अर्थ फिरतो, हे आम्ही नोकरीत शिकलो. कोशात हे लिहिलेले नसते.

बँकेच्या व्यवहारात तर बघणे हे पैशाचेच काम आहे. १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा आजही चालू आहे. त्याच्या २१ व्या कलमात 'ॲट साइट' या शब्दांचा अर्थ 'मागणी करताच' असा सांगितला आहे. कागद दाखवला की पैसे द्यायचे. आपल्या बाजारात इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून हीच गोष्ट होती, तिला 'दर्शनी हुंडी' म्हणत. हुंडीचे दर्शन झाले की पेढीवाल्याने रक्कम मोजायची. मुदत असेल ती 'मुदती हुंडी'. इंग्रजाने 'साइट' म्हटले, आपल्या व्यापाऱ्याने 'दर्शन' म्हटले, आणि दोघेही एकाच ठिकाणी पोहोचले. तसाच 'नजरगहाण' हा शब्द. वस्तू किंवा जमीन कर्जदाराच्याच ताब्यात राहते, सावकाराची तिच्यावर फक्त नजर. ताबा घेतला तर ते 'ताबेगहाण'. इतका नेटका शब्द असताना आपण 'हायपोथिकेशन' हा जिभेला न वळणारा शब्द घेऊन बसलो, याचे आम्हाला अजूनही नवल वाटते.

हे सारे सांगण्याचे कारण एक प्रसंग आहे. बँक कोणती, शाखा कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. परळ भागातले एक निवृत्त सफाई कामगार हातात नोटीस घेऊन आमच्याकडे आले. पुतण्याने कर्ज काढले होते, ते थकले होते, आणि नोटीस काकांच्या नावाने आली होती. काका पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "मी फक्त साक्षीला सही केली. मी नुसता बघायला होतो." आम्ही त्यांना कर्जाच्या कागदांची नक्कल मागवायला लावली. सही त्यांचीच होती, पण ती 'विटनेस' या शब्दापुढे नव्हती, 'गॅरंटर' या शब्दाखाली होती. वर इंग्रजीत दोन पाने छापील मजकूर, आणि शेवटी 'मी हे वाचले व समजलो' अशा अर्थाची ओळ. काकांना ते वाचून कोणी दाखवले नव्हते. "इथे करा" म्हणून बोट ठेवले, आणि त्यांनी केली.

साक्षीदार आणि जामीनदार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साक्षीदाराने सही होताना पाहिलेली असते. कर्ज फिटले नाही तर त्याला कोणी पैसे मागत नाही. जामीनदाराचे तसे नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. काकांच्या बाबतीत पुतण्याला बसवून हप्ते बांधून घेण्यात आले आणि काही रक्कम काकांच्या निवृत्तीच्या पैशांतून गेली. एका शब्दाखाली सही होण्याऐवजी दुसऱ्या शब्दाखाली झाली, त्याची ही किंमत. काका अडाणी नव्हते. मराठी वर्तमानपत्र रोज वाचणारे गृहस्थ होते. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की, परीक्षेच्या गुणांसाठी इंग्रजी शिका, ते ठीकच, पण आधी आपल्या घरातले कागद वाचायला शिका. वडिलांची, काकांची, आईची सही जेथे जेथे आहे तो प्रत्येक कागद एकदा काढून पाहा. आणि हे पाहणे म्हणजे 'सीन' नव्हे.

या दोन शब्दांची घडणही पाहण्यासारखी आहे. 'साक्षी' या शब्दात 'अक्ष' म्हणजे डोळा आहे. डोळ्यांसमोर घडलेले ज्याने पाहिले तो साक्षी. इंग्रजी 'विटनेस'मध्ये 'विट' आहे, म्हणजे जाणणे. हा 'विट' आणि आपला 'विद्या'मधला 'विद्' हे एकाच कुळातले. लॅटिनमध्ये त्याच कुळातल्या शब्दाचा अर्थ बघणे असा होतो. तेथून 'व्हिडिओ', 'व्ह्यू', 'व्हिजिट', 'व्हिसा' आणि 'सुपरवायझर' आले. व्हिसा म्हणजे तपासून पाहिलेला कागद. सुपरवायझर म्हणजे वरून बघणारा. त्याचेच शुद्ध इंग्रजी रूप 'ओव्हरसियर'. बांधकाम खात्यातल्या ओव्हरसियरला आपले मजूर 'ओवरशेर' म्हणत, त्यांना त्यातला 'सी' ठाऊक नव्हता. पण वरून बघतो कोण आणि खाली खपतो कोण, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

आता घरातल्या बघण्याविषयी थोडे. एका विद्यार्थिनीने परदेशातल्या मैत्रिणीला लिहिले की, रविवारी आमचा दादा मुलगी बघायला जाणार आहे. आणि तेथे 'इज सीइंग अ गर्ल' असे लिहिले. मैत्रिणीने अभिनंदन केले की, बरे झाले, दादाचे कोणाशी तरी जुळले. कारण इंग्रजीत 'सीइंग' या रूपाला तो अर्थ आहे : दोघे एकमेकांना भेटत आहेत, दोघांचीही इच्छा आहे. आपल्याकडे 'मुलगी बघणे' म्हणजे पाच-सहा माणसे पोहे खात बसतात आणि एक मुलगी खाली मान घालून समोर बसते. बघणारे सगळे कर्ते, ती एकटी कर्म. भगिनींनी राग मानू नये, पण आमच्या मते हा मराठी वाक्प्रचार बदलला तर काही बिघडणार नाही. 'भेटायला गेलो' म्हणावे. इंग्रजीत 'सी'चा भेटणे हा अर्थ आहेच, डॉक्टरला भेटतो त्यालाही 'सी द डॉक्टर' म्हणतात. बदल नुसत्या शब्दाने होत नाही हे आम्हाला मान्य आहे. तरी त्या खोलीत मुलीनेही मान वर करून प्रश्न विचारला पाहिजे, आणि आमच्या ओळखीच्या काही घरांत ते आता होऊ लागले आहे.

'सी'पासून झालेला आणखी एक शब्द सांगतो. तो शाळेच्या कोशात सहसा सापडत नाही. 'अनटचेबल' हा शब्द आपल्याला सांगावा लागत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगावर तो लिहिलेला होता. त्याच साच्यातला दुसरा शब्द 'अनसीएबल', म्हणजे ज्याला बघणेही वर्ज्य. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील तिरुनेलवेली जिल्ह्यात पुरद वण्णन नावाचे लोक होते. ते इतर अस्पृश्यांचे कपडे धूत. त्यांच्या नुसत्या दर्शनाने विटाळ होतो असे मानत, म्हणून त्यांनी दिवसा बाहेर पडायचे नाही, काम रात्रीच उरकायचे. १९३२ साली वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी छापून आले, आणि बाबासाहेबांनी आपल्या लेखनात ती हकीकत नमूद केली आहे. भेटायला आलेल्या माणसांसमोर यावे म्हणून त्यांची फार मनधरणी करावी लागली, तेव्हा कोठे ते घराबाहेर आले.

व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द नीट पाहा. 'सी'ला 'एबल' लागला की बघता येण्यासारखा. त्याला 'अन' लागला की बघता न येण्यासारखा. वस्तुतः ती माणसे दिसत होती, हाडामांसाची होती, तुमच्या-आमच्यासारखीच. दोष बघणाऱ्याच्या मनात होता, पण शब्दाने तो बघितल्या जाणाऱ्याच्या अंगावर टाकला. 'अनटचेबल'चेही तेच. मराठीतल्या 'अस्पृश्य'चेही तेच. आपण सुरुवातीला कर्ता कोण, कर्म कोण, हे चिमणीच्या वाक्यात शोधले. व्याकरणाच्या तासाला हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो. या शब्दापाशी आल्यावर तो कंटाळवाणा राहत नाही.

वर्गातल्या एका मुलाने मागच्या रविवारी एक शंका विचारली होती, तिचे उत्तर देऊन आम्ही थांबतो. धम्मवंदनेत 'एहिपस्सिको' हा शब्द आपण नेहमी म्हणतो. 'एहि' म्हणजे ये, 'पस्स' म्हणजे पाहा. इंग्रजी पुस्तकांत त्याचे भाषांतर 'कम अँड सी' असे आढळते. मुलाचे म्हणणे असे की, आपणहून मुद्दाम बघायचे तर 'लुक' हवे, मग 'कम अँड लुक' का नाही? शंका हुशारीची आहे. 'लुक' म्हणजे डोळे तिकडे वळवणे. वळवल्यावर काही सापडले की नाही, हे त्या शब्दात येत नाही. इंग्रजीत 'आय लुक्ड, बट आय डिड नॉट सी' असे म्हणता येते : मी पाहिले, पण मला दिसले नाही. 'सी'मध्ये बघणाऱ्याला स्वतःला दिसणे हेही धरलेले आहे. म्हणून तेथे 'सी'च योग्य. मराठीत त्याचे भाषांतर 'या आणि पाहा' असे करतात. आम्हाला विचाराल तर आपल्या बोलीतले 'येऊन तर बघा' हे जास्त जवळचे वाटते, कारण त्यात चाखून बघण्यातले बघणेही आले.